घड्याळ जुळवलं तरी परत चुकतं? काटे हलवण्याआधी चुकीचा आकडा वाचा

सार्वजनिक घड्याळांबद्दलची तक्रार वर्षानुवर्षं एकाच वाक्यात येते : "परवाच जुळवलं होतं, परत चुकलं." घड्याळ स्टेशनवरचं असो, मनोऱ्यावरचं असो, नाहीतर प्रयोगशाळेच्या भिंतीवरचं. त्यावरचा उपायही ठरलेला. कोणीतरी शिडी लावतं, काटे सरकवतं, खाली उतरतं आणि थोड्या दिवसांनी पुन्हा शिडी आणायला जातं.

शिडी लावायच्या आधी घड्याळ नेमकं किती चुकलंय तो आकडा लिहून ठेवा. मिनिटं, सेकंद, जमलं तर सेकंदाचे दशांशही. शेजारी तारीख, वेळ आणि कशाशी ताडून पाहिलं ते. दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला पुन्हा तेच. तीन-चार दिवसांच्या नोंदी हातात आल्या की दोष बहुधा आपलं नाव आपणच सांगतो. वेधशाळेतून निघालेली वेळ तुमच्या तबकडीपर्यंत येताना ज्या ज्या टप्प्यावर बिघडू शकते, त्यातल्या बऱ्याच टप्प्यांचा चुकण्याचा आकडा ठरलेला आहे. काटे सरकवलेत की हा पुरावा गेला.

या नोंदीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. आत्ता किती फरक आहे ती घड्याळाची चूक. तो फरक रोज कितीने बदलतो ती त्याची चाल. वेधशाळेतल्या माणसाला चुकीची फारशी फिकीर नसते, चाल एकसारखी असली की त्याचं भागतं. रोज न चुकता दोन सेकंद पुढे जाणारं घड्याळ उत्तम, कारण महिन्याभरानेही त्याच्यावरून खरी वेळ काढता येते. आज दोन पुढे आणि उद्या तीन मागे असं करणारं घड्याळ या क्षणी अगदी बरोबर दाखवत असलं तरी कामाचं नाही. लंडनच्या बेलव्हिल कुटुंबाने १८३६ पासून शंभराहून अधिक वर्षं वेळ विकण्याचा धंदा केला, तो याच भरवशावर. आधी जॉन हेन्री बेलव्हिल, मग त्यांची पत्नी, मग मुलगी रूथ, ती थेट १९४० पर्यंत. जॉन अर्नोल्ड यांनी बनवलेलं एक खिशातलं क्रोनोमीटर, म्हणजे अतिशय अचूक घड्याळ, घेऊन रूथबाई ग्रिनिचच्या वेधशाळेत जायच्या, त्यात किती फरक आहे याचा दाखला घ्यायच्या आणि मग गिऱ्हाइकांच्या फेरीला निघायच्या. काट्यांवरची वेळ अधिक-उणे दाखल्यातला फरक, की झाली खरी वेळ.

आधी पाहा, तुम्ही ताडताय कशाशी

बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. घड्याळ बरोबर असतं, ज्याच्याशी ताडलं तेच उशिराचं असतं.

रेडिओवरचे टिपटिप आवाज हे सगळ्यात जुनं उदाहरण. बीबीसीवरून ग्रिनिच वेधशाळेचे सहा ठोके ५ फेब्रुवारी १९२४ पासून जायला लागले. १९७२ पासून त्यातला शेवटचा ठोका लांब केला गेला. तास भरतो तो या लांब ठोक्याच्या सुरुवातीला, तो संपतो तेव्हा नाही. जुन्या पद्धतीच्या रेडिओवर हे ठोके ऐकून मनगटावरचं घड्याळ खुशाल जुळवावं. पण तेच ठोके डिजिटल रेडिओवर किंवा इंटरनेटवरून ऐकलेत तर आवाज आकड्यांत बदलणं, साठवणं, पाठवणं आणि पुन्हा उलगडणं यात काही सेकंद जातात. दोन वेगवेगळ्या यंत्रांवर हा उशीर वेगवेगळा असतो, म्हणून 'तीन सेकंद वजा करून टाकू' हेही चालत नाही. टीव्हीवरच्या घड्याळाचंही तेच. नुसतं भूस्थिर उपग्रहापर्यंत जाऊन परत यायलाच सिग्नलला पाव सेकंद लागतो, बाकीचं काम त्याच्यावर.

हा उशिराचा प्रश्न आजचा नाही. एडिंबरात काल्टन टेकडीवरच्या नेल्सन स्मारकावर १८५२ पासून टाइम बॉल पडत असे : खांबावर चढवलेला मोठा गोळा ठरल्या क्षणी खाली येणार, आणि बंदरातली जहाजं त्यावर आपली घड्याळं तपासणार. पण धुकं पडलं की गोळा दिसेना. म्हणून १८६१ पासून किल्ल्यावरून दुपारी एकला तोफ उडवायला सुरुवात झाली. वेधशाळेपासून किल्ल्यापर्यंत तार टाकली, तोफ वेधशाळेच्या घड्याळावर उडू लागली. आता धुक्यातही वेळ पोचू लागली, फक्त आवाजाच्या वेगाने. आवाजाला एक किलोमीटर जायला तीन सेकंद लागतात. त्यामुळे किल्ल्यापासून अंतराअंतरावर वर्तुळं काढलेला शहराचा नकाशाच छापला गेला : या वर्तुळावर असाल तर ऐकलेल्या वेळेतून इतके सेकंद वजा करा. लीथ बंदराच्या बाजूला हा आकडा दहा सेकंदांच्या आसपास जायचा. मला हा नकाशा फार आवडतो. उशीर नाहीसा करता येत नसेल तर तो मोजून छापून टाकावा, हा सरळ व्यवहार आहे.

टाइम बॉलमध्ये आणखी एक फसवी जागा होती. ग्रिनिचला १८३३ पासून गोळा पडतो तो दुपारी एकला. पाच मिनिटं आधी अर्ध्यावर चढतो, दोन मिनिटं आधी टोकाला पोचतो आणि एकच्या ठोक्याला सुटतो. गोळा टोकावरून हलतो तोच खरा क्षण, तो खाली टेकतो तो नव्हे. खाली टेकण्यावर घड्याळ जुळवणाऱ्याचं घड्याळ रोज तेवढंच मागे राहणार आणि तो दोष घड्याळाला देणार. बाराऐवजी एक का, असं पुष्कळ जण विचारतात. बाराच्या सुमाराला सूर्य मध्यान्हीवर येतो आणि वेधशाळेतली माणसं त्याचा वेध घेण्यात गुंतलेली असायची. दोन्ही कामं एकाच वेळी नकोत, म्हणून एक.

तर पहिली तपासणी ही : संदर्भ कोणता, त्याचा उशीर किती, आणि त्यातला नेमका कोणता क्षण धरायचा. फोनचं घड्याळ इंटरनेटवरून किंवा मोबाइलच्या जाळ्यावरून जुळत असेल तर भिंतीवरच्या घड्याळासाठी तेवढं पुरे.

फरक मोठा आहे, पण वाढत नाही

चार दिवसांच्या नोंदीत तोच आकडा येत असेल तर चाल उत्तम आहे. यंत्राला हात लावायचं काहीही कारण नाही. चूक हिशेबातली आहे, आणि आकडा ओळखीचा निघाला की काम झालं.

पूर्ण एक तास असेल तर उन्हाळी वेळेचा बदल (काही देशांत उन्हाळ्यापुरती घड्याळं तासभर पुढे करतात) राहून गेलाय. अर्धा किंवा पाऊण तास असेल तर बहुधा कालविभाग चुकीचा निवडलाय. विचित्र मिनिटं-सेकंद असतील तर जुन्या स्थानिक वेळेचा संशय घ्या. ९ मिनिटं २१ सेकंद हा पॅरिस आणि ग्रिनिच यांच्यातला फरक; फ्रान्सने १९११ मध्ये कायदा करून आपली वेळ नेमकी तेवढी मागे घेतली. २५ मिनिटं २१ सेकंद म्हणजे डब्लिनजवळच्या डनसिंक वेधशाळेची वेळ, जी आयर्लंडमध्ये १९१६ पर्यंत कायद्याने चालत होती. ३९ मिनिटं म्हणजे मुंबईची जुनी वेळ आणि भारतीय प्रमाणवेळ यांतलं अंतर. संगणकातल्या कालविभागांच्या यादीत असे बरेच जुने फरक अजून नोंदलेले आहेत. एखाद्या आज्ञावलीने १९०० सालची तारीख आधाराला धरून हिशेब केला की असे आकडे अचानक वर येतात. डब्लिनमध्ये तर गंमतच होती. बंदराच्या कचेरीवरचा टाइम बॉल जहाजांसाठी ग्रिनिचच्या वेळेने पडायचा आणि त्याच इमारतीचं घड्याळ लोकांसाठी डनसिंकची वेळ दाखवायचं. दोन्ही बरोबर, आणि दोघांत पंचवीस मिनिटांचं अंतर.

आता सेकंदांतले कायम फरक. सध्या सगळ्यात जास्त हेच भेटतात.

घड्याळ १८ सेकंद पुढे असेल तर ते यूटीसीऐवजी (म्हणजे सगळ्या देशांच्या नागरी वेळा जिच्यावरून ठरतात त्या जागतिक वेळेऐवजी) जीपीएसची वेळ दाखवतंय. ३७ सेकंद पुढे असेल तर आंतरराष्ट्रीय आण्विक वेळ दाखवतंय. कारण असं : अणुघड्याळं एकसारखी चालतात, पृथ्वी तशी फिरत नाही. म्हणून १९७२ पासून यूटीसीमध्ये अधूनमधून लीप सेकंद, म्हणजे एक जादा सेकंद, घातला गेला. आतापर्यंत २७ वेळा, शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ ला. जीपीएसची वेळ १९८० मध्ये सुरू झाली आणि तिच्यात एकही लीप सेकंद घालत नाहीत. त्यामुळे ती आज यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे, आणि आण्विक वेळ जीपीएसच्याही १९ सेकंद पुढे.

यातली वारंवार छळणारी तक्रार अशी असते : "वीज गेली आणि आली की घड्याळ काही सेकंद पुढे पळतं, आणि पाव तासाने आपोआप ठीक होतं." लोक वीजपुरवठा तपासतात, बॅटरी बदलतात, पेटी उघडतात. दोष तिथे नाही. किती लीप सेकंद वजा करायचे हा आकडा उपग्रह सतत सांगत नाहीत. जीपीएसचा पूर्ण संदेश संपायला साडेबारा मिनिटं लागतात आणि त्यात हा आकडा एकदाच येतो. रिसीव्हरने आधीचा आकडा जपून ठेवला नसेल तर चालू झाल्यावर तो एकतर काहीच वजा करत नाही, म्हणजे १८ सेकंद पुढे. नाहीतर कारखान्यात भरलेला जुना आकडा वजा करतो, म्हणजे दोन-तीन सेकंद पुढे. फरकाच्या आकड्यावरून तुमचा रिसीव्हर यातलं काय करतोय ते कळतं. उपाय : रिसीव्हरकडून लीप सेकंदाची माहिती पक्की झाल्याची खूण मिळेपर्यंत पुढच्या तबकड्यांना वेळ पाठवायचीच नाही. ही सोय बहुतेक चांगल्या यंत्रांत असते, फक्त ती चालू करावी लागते.

बरोबर एका सेकंदाचा फरक राहून गेला असेल तर एखादा लीप सेकंद कोणीतरी घेतलेला नाही. यापुढे ही तक्रार कमी होईल. २०२२ मध्ये वजन-मापांच्या सर्वसाधारण परिषदेने ठरवलं की यूटीसी आणि पृथ्वीचं फिरणं यांच्यातल्या फरकाची आजची ०.९ सेकंदाची मर्यादा २०३५ साल येईपर्यंत मोठी करायची. तोपर्यंत लीप सेकंद घालायचा की नाही याची घोषणा सहा महिने आधी पॅरिसच्या वेधशाळेतूनच होते. रोजची वेळ आता तारे पाहून ठरत नाही, सीझियमच्या अणूवरून ठरते. पृथ्वी किती मागे-पुढे झाली एवढं विचारायला मात्र अजून आकाशाकडेच पाहावं लागतं.

फरक रोज वाढतोय

रोज ३ मिनिटं ५६ सेकंद पुढे? मग घड्याळाचं अभिनंदन करा. ते नाक्षत्रकाल, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेली वेळ, दाखवतंय आणि तुम्ही ते नागरी वेळ म्हणून वाचताय. तारा आज जिथे दिसला तिथे उद्या सुमारे चार मिनिटं आधी येतो, कारण पृथ्वी स्वतःभोवती फिरताना सूर्याभोवतीही सरकते. वेधशाळेत दोन्ही घड्याळं शेजारी शेजारी असतात, म्हणून हा घोळ होतो. महिन्याभरात दोन तास, वर्षात पूर्ण एक दिवस असा हा फरक साचत जातो. त्यामुळे सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या आसपास ते तिथल्या स्थानिक वेळेशी आपोआप जुळतं आणि कोणाला तरी वाटतं की दुरुस्त झालं.

रोज अर्ध्या सेकंदापासून काही सेकंदांपर्यंत फरक पडत असेल, आणि तो ऋतूप्रमाणे बदलत असेल, तर तापमान. लंबकाच्या घड्याळात याचा हिशेब सोपा आहे. लंबकाचा दांडा साध्या पोलादाचा असेल तर एक अंश सेल्सिअस वाढीला घड्याळ दिवसाला साधारण अर्धा सेकंद मागे पडतं. थंडी आणि उन्हाळा यांत वीस अंशांचा फरक असला तर दिवसाला दहा सेकंद. सेकंदाचा लंबक सुमारे ९९४ मिलिमीटर लांब असतो, आणि त्याची लांबी मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतकी बदलली तरी दिवसाला एक सेकंद जातो. म्हणूनच वेधशाळांनी लंबकात पारा भरला, पितळ-पोलादाच्या सळ्यांच्या जाळ्या केल्या, पुढे इनवार हा तापमानाने फारसा न पसरणारा मिश्रधातू वापरला, आणि पॅरिसच्या वेधशाळेने तर घड्याळ जमिनीखाली सुमारे २८ मीटर खोल तळघरात ठेवलं, जिथे तापमान वर्षभर जवळजवळ हलत नाही.

अशा घड्याळाची चाल सुधारायला लंबकाखालची चकती फिरवायची घाई करू नका. चकती फिरवताना लंबकाला धक्का लागतो आणि तुमच्या नोंदी पुन्हा शून्यापासून सुरू होतात. त्यापेक्षा लंबकावर मध्ये कुठेतरी एक छोटी पाटी असते, तिच्यावर बारीक वजन अलगद ठेवायचं. वजन वर ठेवल्याने लंबकाचा भार किंचित वर सरकतो आणि घड्याळ थोडं भरभर चालतं. लंडनच्या बिग बेनच्या लंबकावर जुनं पेनीचं नाणं ठेवलं की ते दिवसाला ०.४ सेकंद पुढे जातं, काढलं की तेवढंच मागे. तेरा टनांची घंटा ज्याच्या इशाऱ्यावर वाजते त्या घड्याळाचा कान एका नाण्याने पिळता येतो.

क्वार्ट्झच्या घड्याळाचा स्वभाव वेगळा. त्याचा स्फटिक साधारण २५ अंशांना सगळ्यात जलद चालतो. गारठा असो की उकाडा, दोन्हीकडे ते मागेच पडतं. दहा अंश इकडे-तिकडे झाले तर दिवसाला ०.३ सेकंद, वीस अंश झाले तर १.२. म्हणजे अंतर दुप्पट तर फरक चौपट. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात दोन्ही वेळा मागे, मधल्या महिन्यांत ठीक, अशी नोंद आली की घड्याळ उन्हाच्या भिंतीवरून हलवा. बॅटरी बदलून काही होणार नाही.

सगळीच घड्याळं एकसारखी मागे पडत असतील आणि ती थेट विजेच्या मोटरवर चालणारी असतील तर दोष घड्याळात नसून विजेच्या लहरींत असतो. ही घड्याळं विजेच्या सेकंदाला पन्नास आवर्तनांवर पावलं मोजतात. २०१८ च्या जानेवारी ते मार्च या काळात युरोपच्या मोठ्या भागात ही घड्याळं जवळजवळ सहा मिनिटं मागे पडली, कारण कोसोव्हो आणि सर्बिया यांच्या बाजूने जाळ्यात वीज कमी येत राहिली आणि सगळ्या जाळ्याचीच वारंवारता किंचित घसरली. इथे काटे सरकवलेत तर वीज कंपन्या तूट भरून काढतील तेव्हा हीच घड्याळं तेवढी पुढे जातील.

घड्याळ कधी १४ मिनिटं पुढे, कधी १६ मागे असा फरक वर्षभर झोके घेत असेल, तर तुम्ही सूर्यछायेच्या घड्याळाशी ताडताय. ते कालसमीकरण आहे, म्हणजे सूर्याची वेळ आणि घड्याळाची सरासरी वेळ यांतला नैसर्गिक फरक, दोष नाही. पुढे चला.

फरक टप्प्याटप्प्याने पडतोय

एक मुख्य घड्याळ आणि त्याच्या तारेवर चालणाऱ्या अनेक तबकड्या ही रचना वेधशाळांनीच रूढ केली. ग्रिनिचला १८५२ मध्ये चार्ल्स शेफर्ड यांचं विजेवर चालणारं मुख्य घड्याळ बसलं. त्याच्यावरून टाइम बॉल सुटायचा, फाटकाबाहेरची चोवीस तासांची तबकडी चालायची आणि तारेने लंडनकडे व रेल्वेकडे ठोके जायचे. आजही कारखान्यांत, शाळांत, स्टेशनांवर अशी तबकड्यांची माळ असते. दर मिनिटाला किंवा दर अर्ध्या मिनिटाला एक ठोका येतो आणि काटा एक पाऊल टाकतो.

इथे फरक नेहमी पावलांच्या पटीत असतो. बरोबर एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. सेकंदांचा खुर्दा नसतो. आकडा असा गोल आला की ठोके हुकतायत.

मग एकच प्रश्न विचारा : सगळ्या तबकड्या सारख्याच मागे आहेत, की एखादीच? सगळ्या सारख्या मागे असतील तर ठोका निघालाच नाही. मुख्य घड्याळाचे संपर्क मळलेत, रिले (ठोका पुढे पाठवणारा विजेचा स्विच) अडकतोय किंवा वीज मध्येच जातेय. एकच मागे असेल तर ठोका निघाला पण तिथे पाऊल पडलं नाही : त्या तबकडीचं चुंबक अशक्त, दाते घट्ट, नाहीतर काट्यांवर वारा. मनोऱ्यावरच्या मोठ्या काट्यांना वारा खरंच अडवतो, आणि मिनिटकाटा वर चढत असताना म्हणजे अर्ध्यापासून तासापर्यंत जास्त. कोणत्या मिनिटांना ठोका हुकतो याची नोंद ठेवलीत तर हे लगेच उघडं पडतं.

एकच तबकडी नेहमी बरोबर एका पावलाने मागे राहते, कितीही जुळवा, अशी तक्रार आली तर तारा उलट्या जोडल्यात. बऱ्याच यंत्रणांत ठोके आळीपाळीने उलट-सुलट दिशेने येतात आणि तबकडी त्याच क्रमाने पाऊल टाकते. तारा उलट्या लागल्या की जुळवल्यानंतरचा पहिला ठोका वाया जातो आणि तिथून पुढे ती कायम एक पाऊल मागे. दोन तारांची अदलाबदल करा. शिडी फक्त इथे लागते.

सेकंदाच्या अंशांचा फरक

रस्त्यावरच्या घड्याळाला याचं काही नाही. पण स्वतः ताऱ्यांवरून वेळ काढणारे हौशी लोक हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात : "माझी वेळ दर रात्री यूटीसीपेक्षा थोडी वेगळी येते, दुर्बीण कुठे चुकतेय?"

जुन्या पद्धतीत काम असं चाले. ट्रान्झिट दुर्बीण फक्त उत्तर-दक्षिण अशीच फिरते. भिंगाच्या नाभीत उभे बारीक तंतू ताणलेले, बहुधा कोळ्याच्या जाळ्याचे. वेधकर्ता घड्याळाकडे एकदा पाहून सेकंद मनात धरतो, डोळा दुर्बिणीला लावतो आणि टिकटिक मोजत राहतो. तारा सरकत तंतूकडे येतो. एका ठोक्याला तंतूच्या अलीकडे इतका, पुढच्या ठोक्याला पलीकडे तितका. या दोन अंतरांवरून त्याने सेकंदाचा दशांश अंदाजायचा, न बघता वहीत टिपायचा आणि पुढच्या तंतूची वाट पाहायची. पाच-सात तंतूंची सरासरी, असे अनेक तारे, आणि त्यावरून घड्याळाची त्या रात्रीची चूक.

१७९६ मध्ये ग्रिनिचचे राजखगोलशास्त्रज्ञ मॅस्केलाइन यांनी किनब्रुक या मदतनिसाला काढून टाकलं, कारण त्याच्या वेळा त्यांच्या वेळांपेक्षा ०.८ सेकंद उशिराच्या येत होत्या. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी दाखवलं की असा फरक निष्णात वेधकर्त्यांतही असतो आणि तो बऱ्यापैकी कायम असतो. म्हणजे चाल चांगली, फक्त चूक मोठी, असं माणसाचंही असू शकतं. असा फरक मोजून वहीतून वजा केला की काम भागतं. त्यामुळे तुमचा फरक दर रात्री एकाच बाजूला, एकाच मापाचा येत असेल तर दुर्बीण उघडण्याआधी दुसऱ्या कोणाला तरी डोळा लावायला सांगा. तुम्ही कॅमेऱ्यावर काम करत असाल तर त्याचा उशीर शोधा.

एवढं करूनही ताऱ्यांची वेळ यूटीसीपासून काही दशांश सेकंद दूर राहते, आणि हा फरक महिन्यामहिन्याने हळूहळू सरकतो. तो दोष नाहीच. तारे पृथ्वीचं फिरणं सांगतात, यूटीसी अणूंची चाल सांगते, आणि दोघांत ०.९ सेकंदापर्यंत अंतर राहू देण्याची आजची मुभा आहे. या अंतराचा जाहीर झालेला आकडा घ्या आणि दुरुस्ती करा.

इंटरनेटवरून वेळ घेणाऱ्यांना काही मिलिसेकंदांचा कायम फरक दिसतो तो एनटीपीच्या, म्हणजे इंटरनेटवरून घड्याळं जुळवण्याच्या पद्धतीच्या, एका गृहीतकामुळे. संदेश जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो असं ते धरून चालतं. जायला १० आणि यायला ५० मिलिसेकंद लागत असतील तर घड्याळ २० मिलिसेकंदांनी चुकणार, आणि स्वतःला बरोबरच समजणार. जवळचा सर्व्हर घ्या, शक्य तर वेगळ्या वाटेने येणारे तीन-चार.

पोच घेतल्याशिवाय वेळ पाठवू नका

ज्यांच्या हातात पाठवणारं टोक आहे त्यांच्यासाठी. इंग्लंडमधल्या डील या बंदरात १८५५ पासून टाइम बॉल ग्रिनिचहून तारेने पडत असे, आणि गोळा सुटला की उलट सिग्नल ग्रिनिचला जायचा. बिग बेन तर ग्रिनिचच्या ताब्यातच नव्हतं, ते आपलं स्वतःचं चालायचं. फक्त दिवसातून दोनदा तारेने आपली वेळ वेधशाळेला कळवायचं आणि तिथे फरक टिपला जायचा. आजच्या बऱ्याच यंत्रणांत हे उलटं येणारं टोकच नसतं. मुख्य घड्याळ नॅनोसेकंदांपर्यंत अचूक, आणि चौथ्या मजल्यावरची तबकडी मंगळवारपासून बंद आहे हे कोणाला माहीत नाही. नवी यंत्रणा घेताना अचूकतेचे आकडे पाहण्याआधी विचारा की तबकडी उत्तर देते का.

आणि ठोका हुकला तर उशिराने पाठवू नका. बंदरांमध्ये साधारण रिवाज असा होता की गोळा ठरल्या क्षणी पडला नाही तर तो सावकाश उतरवायचा आणि नंतरच्या ठरलेल्या वेळी पुन्हा पाडायचा. कारण विषुववृत्तावर एका सेकंदाची चूक म्हणजे नकाशावर सुमारे ४६० मीटर. वेळ मिळाली नाही तर कप्तान जुन्या चालीवरून हिशेब चालवतो. चुकीची मिळाली तर तो तिच्यावर विश्वास ठेवतो आणि खडकावर जातो. डिजिटल तबकडीलाही हेच लागू करा : सिग्नल शंकास्पद असेल तेव्हा आकडे विझवा किंवा लुकलुकवा.

शेवटी एक तक्रार, जी या सगळ्यात बसत नाही. तास, मिनिटं, सेकंद अचूक, पण तारीख जवळजवळ वीस वर्षं मागची. जीपीएसचा मूळ संदेश आठवडे १,०२४ पर्यंतच मोजतो आणि मग शून्यावर येतो. असं शेवटचं झालं ६ एप्रिल २०१९ च्या रात्री. काही रिसीव्हर त्याच रात्री मागे गेले, तर काही आपल्या आतल्या आज्ञावलीच्या तारखेपासून १,०२४ आठवडे मोजतात, म्हणून ते कुठल्याही आडवारी जातात. फरक नेमका ७,१६८ दिवसांचा असेल तर हेच. उत्पादकाकडून नवी आज्ञावली मिळाली तर ती घाला. मिळत नसेल तर पुढच्या संगणकात ७,१६८ दिवस मिळवूनही चालतं, पण तसं केलंत तर पेटीच्या झाकणावर तारखेसकट ठळक लिहून चिकटवा, नाहीतर पुढे कोणीतरी रिसीव्हर बदलेल आणि घड्याळ वीस वर्षं पुढे जाईल.